नावाजवळची खूण

११ जुलै

सर येऊन गेले. बारकीचे सर. खुर्चीवर दुरुस्तीला आलेल्या पँटींचा ढीग होता, त्याच्यावरच बसले. मी काही बोलले नाही. एरवी बोलले असते.

म्हणाले, "पेपर जवळजवळ तयार आहे. काम तिचंच आहे, पहिलं नाव तिचंच राहील." मी म्हटलं, मग राहू दे की, मला कशाला विचारता? तर म्हणाले, घरच्यांची संमती लागते, अशा वेळी. अशा म्हणजे कशा, ते काही तोंडातून निघेना. मीही मदत केली नाही.

मग पिशवीतून कागद काढला. वर पेपरचं लांबलचक नाव, खाली तीन माणसांची नावं. बारकीचं पहिलं. त्या इंग्रजी लिपीत मला तेवढंच वाचता येतं, तिनेच शिकवलं होतं — तिच्या नावाचं पार्सल आलं तर घेता यावं म्हणून. नावाच्या शेवटी वर एक बारीक खूण होती. उलट्या सुरीसारखी. मला वाटलं छापताना शाई पडली. बोट ठेवून विचारलं, हे काय?

सरांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "जे लेखक हयात नसतात त्यांच्या नावाला ही खूण करतात. खाली तळाला तसं लिहितात. नियम आहे, ताई."

मी कागद पालथा घातला. म्हटलं, खूण काढा, मग संमती.

१२ जुलै

हे लिहायचं कारण एवढंच, की बोलायला गेलं की ह्यांचा चेहरा पडतो आणि मग मलाच त्यांना चहा करून द्यावा लागतो. कागद बरा. कागदाला चहा लागत नाही.

बारकी गेली त्याला पंधरवडा नाही झाला. प्रयोगशाळेच्या जिन्यात बसली, डोकं दुखतंय म्हणाली, आणि संपलं. डोक्यातली शीर फुटली. मी दवाखान्यात पोचले तर तिच्या पायात एकच चप्पल. दुसरी कुठे आहे म्हणून मी तिथे सगळ्यांशी भांडले. लोक मला धरत होते आणि मी चपलेचं विचारत होते.

लोक सांत्वनाला येतात नि तो शब्द पटकन बोलून मोकळे होतात. मी बोलत नाही. लिहीतही नाही. गेली म्हणते.

आई गेली तेव्हा बारकी एवढीशी होती. माझी शाळा सातवीत सुटली, तिची सुटू दिली नाही. त्यात मोठेपणा कसला — कोणीतरी तिला आंघोळ घालायला हवी होती. माझ्या मशीनखाली बसून वाचायची. चिंध्या डोक्यावर पडायच्या, ती झटकायचीसुद्धा नाही. डॉक्टर होणार होती, पण सुया टोचणारी नाही, औषधं बनवणारी. ह्यांनी एकदा विचारलं होतं, "मग माझ्या सर्दीला तुझा काय उपयोग?" तर म्हणाली, "भावोजी, तुमच्या सर्दीला कोणाचाच उपयोग नाही."

१३ जुलै

दोन चेन बदलल्या, एक उलटी बसली. उसवली. पुन्हा उलटी.

१६ जुलै

चष्मेवाली आली. बारकीच्या शेजारच्या टेबलावर काम करायची ती मुलगी. पेपरवर दुसरं नाव तिचं. सरांनीच पाठवली असणार, बाईमाणूस बाईमाणसाला गुंडाळेल म्हणून. दारातच "ताई" म्हणाली. मला ताई म्हणणारी एकच होती. मी म्हटलं, मला बाई म्हण. मान हलवली, आणि पुढच्या वाक्याला परत "ताई".

मी तिला विचारलं, ह्या पेपरमध्ये आहे तरी काय, नीट सांग, मला अडाणी समजून सांग. तिने सांगितलं. थोडं मला बारकीकडून माहीत होतंच.

लहान मुलांना झटके येतात, फेफरं. तेव्हा दात गच्च मिटलेले असतात, गोळी देता येत नाही, पाणी पाजता येत नाही. बारकीने औषधाची पट्टी केली. पोस्टाच्या तिकिटाएवढी, पातळ, पारदर्शक. गालाच्या आत चिकटवायची, बघता बघता विरघळते, औषध आत. कडूही लागत नाही. मग तिने ती पट्टी गरम दमट कपाटात ठेवली. तसलं कपाट असतं त्यांच्याकडे — त्यात औषधं ठेवतात नि बघतात, घराघरात, दुकानात पडून राहिल्यावर त्यांचं काय होईल. तीन महिन्यांनी काढली, तर जशीच्या तशी. ती तपासणी झाली आणि मग आठ-दहा दिवसांत जिना.

"म्हणजे झालं ना काम तिचं?"

"झालं, ताई. म्हणून तर पाठवायचंय. दुसरं कोणी आधी छापलं तर तिचं नाव मागे पडेल."

"मग खुणेशिवाय पाठवा."

चष्मेवाली रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसाचा राग येतो. तिला रुमाल दिला नाही, कापडाचा तुकडा दिला. म्हटलं, घे, परत आणून देऊ नको.

१७ जुलै

ह्यांचं म्हणणं, खूण तर खूण, एवढीशी तर आहे. मी म्हटलं, तुमच्या नावाला लावू का? मग म्हणाले, "लाव. मला कुठे छापतायत."

हसू आलं. नंतर मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

२२ जुलै

सही केली. थकले म्हणून केली, पटलं म्हणून नाही. सर फोनवर म्हणाले, खुणेशिवाय पाठवणं म्हणजे खोटं बोलणं, आणि जर्नलला कळलं तर अख्खा पेपर जाईल. मी त्या जर्नलला मासिक म्हणते, सर दर वेळी सुधारतात. म्हटलं, बरं, तुमचं मासिक. करा खूण. पण मला दाखवू नका.

२५ जुलै

आज पाठवला. मीच चष्मेवालीला सांगितलं होतं, इथे दुकानात बसून पाठव, मला बघायचंय. कापायच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला, कात्री-खडू बाजूला सारले.

मला वाटलेलं, पाकिटात घालून टाकतात तसं काहीतरी असेल. दुपार गेली! आधी नाव, मग पत्ते, मग कोणी काय काय केलं ते. कल्पना कोणाची — बारकी. प्रयोग कोणी केले — बारकी. लिहिलं कोणी — बारकी, सर. पैसे कोणी दिले, कोणाचा ह्यात फायदा आहे का, प्राणी मारले का. मग चित्रं वेगळी, तक्ते वेगळे. एक चित्र फिक्कट म्हणून यंत्राने परत फेकलं. मी म्हटलं, लग्न जमवताना एवढं विचारत नाहीत.

"तेच चुकतं, ताई," चष्मेवाली म्हणाली. चांगली आहे मुलगी. चष्मा फार घाण ठेवते.

एका ठिकाणी अडली. तिन्ही लेखकांचे ईमेल पत्ते टाकल्याशिवाय यंत्र पुढे जाईना. सरांना फोन लावला. सर म्हणाले, तिचा जुनाच टाक, सोबतच्या पत्रात आपण सगळं लिहिलंच आहे. टाकला.

शेवटी एक बटण. मला म्हणाली, "ताई, तुम्ही दाबा." मी दाबलं. पडद्यावर धन्यवादाचं काहीतरी आलं. दोघी बघत बसलो. मग एक गिऱ्हाईक आलं, पडद्याची उंची कमी करायची होती.

२६ जुलै

बारकीचा फोन माझ्याकडे आहे. कपाटात चादरींवर ठेवलाय. मला वाटायचं मीच तो चार्ज करते. पण मी तर बरेच दिवस लावलाच नव्हता, आणि आज बघते तर पूर्ण भरलेला. ह्यांना काही विचारलं नाही.

२९ जुलै

फोन वाजला — टिंग. कपाटातून. माझ्या हातातून बरणी सुटली.

मासिकाकडून आलेलं पत्र. बारकीच्या नावाने. "प्रिय" असं असणार, आणि पुढे तिचं नाव. नुसतं. खूण नाही, काही नाही. जिवंत माणसाला लिहावं तसं.

बाकी मजकूर काय कळणार, पण मध्ये पेपरचं नाव होतं नि खाली दोन चौकोन. एक हिरवा, एक लाल. येस आणि नो एवढं बघून बघून ओळखू येतं. माझ्या फोनला अक्षरं दाखवली की तो आपल्या भाषेत सांगतो, ते बारकीनेच शिकवलेलं. तो म्हणाला: तुम्ही ह्या पेपरच्या लेखिका आहात का?

आता ह्याला काय उत्तर द्यायचं? नाही म्हणू? तिचं नाही म्हणून सांगू? कोणीतरी विचारतंय, ही तूच का, हे तुझंच का. शाळेत हजेरी घेतात आणि पोर आजारी असलं तर शेजारचंच 'हजर' ओरडतं, तसं मी —

हिरवं दाबलं.

खूप बरं वाटलं. संध्याकाळी जेवले पोटभर.

६ ऑगस्ट

सरांचा फोन. आवाज असा की आधी ओळखलाच नाही.

"तिच्या खात्यावरून कोणी उत्तर दिलंय?"

मी म्हटलं, मी दिलंय. हो म्हणून. तिचाच आहे ना पेपर?

सर हळू बोलले, आणि हळू बोलणारा माणूस फार रागावलेला असतो. ते असं, की सोबतच्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं पहिली लेखिका हयात नाही. आणि आता त्याच लेखिकेने स्वतः कळवलंय की मी आहे, मीच लिहिलंय, मला मंजूर आहे. मासिकाच्या संपादकाने सगळं थांबवलंय. त्यांना वाटतंय हा काहीतरी बनाव आहे. कोणीतरी खोटी माणसं उभी करून पेपर छापून घेतंय — असं करतात म्हणे लोक. मग आकडे तरी खरे कशावरून, असं विचारलंय.

"तुम्ही मला विचारायचं होतं, ताई."

"तुम्ही मला सांगायचं होतं असं पत्र येणार म्हणून."

"मला माहीत नव्हतं तो फोन चालू आहे."

दोघांचंही बरोबर. त्याने काय होतंय.

७ ऑगस्ट

दुकान उघडलं नाही. तिच्या आकड्यांना खोटं म्हणाले. माझ्यामुळे. ती भाजीवाल्याकडून जास्तीचं लिंबू आलं तर परत द्यायला जाणारी. मी तिला वेडी म्हणायचे.

९ ऑगस्ट

ह्यांनी समोर बसून विचारलं, का दाबलंस? मी म्हटलं, तुम्ही फोन का चार्ज करता?

उठून बाहेर गेले. अंगणात सायकलची साखळी पुसत बसले. पुसलेलीच होती.

१२ ऑगस्ट

संपादकाला पत्र द्यायचंय. ते मीच द्यायचं — कोण, बटण का दाबलं, आणि ती कधी कशी गेली. सोबत दवाखान्याचा दाखला. सर म्हणाले, तुमच्या भाषेत लिहा, ही मुलगी तिकडच्या भाषेत करेल.

चार वेळा लिहिलं. पहिल्यांदा लिहिलं, "माझी बहीण आता कामावर येत नाही." चष्मेवालीने वाचलं, चष्मा काढला, घातला. "ताई, असं नाही चालणार. त्यांना वाटेल नोकरी सोडली."

दुसऱ्यांदा, "माझी बहीण तुम्हाला उत्तर देऊ शकत नाही." तर म्हणे, का देऊ शकत नाही ते लिहावं लागेल. तिसऱ्यांदा मी संपादकाला चार गोष्टी सुनावल्या, की पोरीच्या नावाने पत्र पाठवायच्या आधी सोबतचा कागद वाचायला काय झालं होतं. ते चष्मेवालीला आवडलं. पण फाडलं.

शेवटी हे लिहिलं:

"मी तिची मोठी बहीण. मी कपडे दुरुस्त करते. तुमचं पत्र तिच्या फोनवर आलं. तुम्ही विचारलं ती लेखिका आहे का. मी हो म्हटलं, कारण आहे. ती आता नाही हे सांगायची जागा मला दिसली नाही. चूक माझी. तिचे आकडे खरे आहेत. सरांनी काही केलेलं नाही. हवं तर मला विचारा, तिला खोटं ठरवू नका."

चष्मेवाली म्हणाली, "ताई, 'आता नाही' ह्याच्या जागी स्पष्ट शब्द घालावा लागेल."

"तू घाल. त्या भाषेत काय असेल ते घाल. मला वाचून दाखवू नको."

सही केली. अक्षर असं वाकडं आलं की ते नाव माझं आहे असं मलाच वाटेना.

२० ऑगस्ट

संपादकाचं उत्तर. दोन ओळी. दुःख व्यक्त केलंय, आणि पेपर तपासायला पुढे पाठवतोय म्हणून लिहिलंय. सरांनी वाचून दाखवलं आणि मग म्हणाले, "तुमचं पत्र बरं होतं."

मी म्हटलं, तिसरं आणखी बरं होतं.

३ सप्टेंबर

तिची खोली आवरली. नाही आवरली. उघडली नि बंद केली.

१० सप्टेंबर

तपासणाऱ्यांचं आलं. दोन माणसं असतात, नावं सांगत नाहीत. लपून राहून बोट ठेवतात. पहिल्याला सगळं आवडलं, फक्त भाषा नीट करा म्हणाला. दुसरा म्हणाला, तीन महिने पुरेसे नाहीत. पट्टी टिकते असं म्हणता, तर सहा महिन्यांचं दाखवा.

मला वाटलं संपलं, सहा महिने आता कुठून आणणार. पण चष्मेवाली म्हणाली, आहेत. बारकीने मार्चमध्ये कपाटात पट्ट्या ठेवल्या तेव्हा सहा महिन्यांचं पाकीटही ठेवलेलं. ते अजून तिथेच आहे. काढायची तारीख पुढच्याच आठवड्यात.

म्हणजे इथे आम्ही रडतोय, भांडतोय, पत्रं लिहितोय, आणि तिकडे तिचं काम आपलं चालूच आहे. दिवसरात्र. कपाटात.

फार आनंद झाला. आनंद झाला असं लिहायला लाज वाटते, पण झाला.

२० सप्टेंबर

चष्मेवालीचा फोन नाही. मी केला तर उचलला नाही.

२१ सप्टेंबर

स्वतःच आली. टेबलाशी उभी राहिली, बस म्हटलं तरी बसेना. पट्ट्या बिघडल्यात. तिने तीनदा तपासलं. औषध आतमध्ये आहे, पण पट्टी विरघळत नाही लवकर. कडक झालीय. तीन महिन्यांपर्यंत ठीक, पुढे कधीतरी बिघडली. "झटका आलेल्या पोराला एवढा वेळ नसतो, ताई."

मी म्हटलं, तुझं काहीतरी चुकलं असेल. माझ्या तोंडून काय काय निघालं. तू तिच्याएवढी हुशार नाहीस म्हटलं. तिला पुढे जायचंय म्हणून तिचं पाडतेस म्हटलं. ती ऐकत राहिली. "मलाही वाटलं माझंच चुकलं असेल," म्हणाली, "म्हणून तर तीनदा केलं."

२३ सप्टेंबर

सर आले. ह्या वेळी ढीग उचलून बाजूला ठेवला नि मग बसले. म्हणाले, दोन वाटा आहेत. एक, हा पेपर मागे घ्यायचा आणि लहान मासिकाला द्यायचा — स्वतःच मासिक म्हणाले — तिथे तीन महिन्यांवर भागतं, सहा महिन्यांचं कोणी विचारत नाही. पेपरमध्ये जे आहे ते सगळं खरंच आहे. फक्त पुढचं सांगायचं नाही. दुसरी, इथेच खरं लिहायचं, की पट्टी टिकत नाही. मग पेपरचा अर्थच बदलतो. बहुतेक परत येईल. आला नाही तरी लोक वाचतील ते हेच, की हिचं जमलं नाही.

"मागच्या वेळी ते पत्र येईल हे तुम्हाला सांगायचं राहिलं. म्हणून आता विचारतो."

मी लगेच म्हटलं, लहान मासिक. विचारसुद्धा केला नाही. तिचं नाव त्या सुरीसकट छापायला दिलं मी, आता नावाखाली "जमलं नाही" पण लिहू? काय राहिलं मग तिचं?

सर बरं म्हणाले. मला वाटलं होतं वाद घालतील. घातला असता तर बरं झालं असतं.

२५ सप्टेंबर

झोप नाही, काम नाही. एका बाईच्या झग्याची बाही उलट्या बाजूने जोडली. ती म्हणाली, असू दे, कळत नाही. मी तिच्या हातातून ओढून घेतला. कळत कसं नाही?

२७ सप्टेंबर

प्रयोगशाळेत गेले. पहिल्यांदाच. बारकी नेहमी म्हणायची ये, मी म्हणायचे, तिथे येऊन काय करू, तुमच्या बाटल्या पुसू?

जिना चढताना कठड्याकडे बघितलं, पायऱ्यांकडे नाही.

चष्मेवालीला म्हटलं, परवा जे बोलले ते माझं तोंड बोललं, मी नाही. ती म्हणाली, "तोंडाला सांगा, चालेल." मग तिने कपाट दाखवलं. मला वाटलं मोठं काहीतरी असेल. फ्रिजसारखं आहे. दार उघडलं तर अंगावर गरम वाफ आली, आंघोळीच्या खोलीतून येते तशी. जाळीवर पाकिटं. एकावर बारकीचं अक्षर. ते तिरकं सात, तसं दुसरं कोणी काढत नाही.

मी म्हटलं, मला एक पट्टी दे. तोंडात घालून बघायचीय.

"ताई, औषध आहे ते!"

"मग औषध नसलेली दे. रिकामी असेल ना. तू म्हणालीस रिकाम्या पण ठेवतात, तुलना करायला."

नाही म्हणाली, सरांना कळलं तर, नियम, वगैरे. मी तिथेच स्टुलावर बसून राहिले. शेवटी चिमट्याने काढून दिली एक. म्हणाली, मी पाठ करून उभी राहते, मी बघितलं नाही.

गालाच्या आत ठेवली. बारकीने मागे एकदा घरी आणली होती, नवी, रिकामीच — आम्ही तिघांनी जिभेवर ठेवली होती आणि हे म्हणाले होते, अरे, गेली कुठे? ते आठवून वाट बघितली. कसलीच चव नाही. चष्मेवालीच्या पाठीकडे बघत बसले. तिच्या कोटाची एक शिवण उसवली होती. पट्टी तशीच. जीभ फिरवली तर कड लागली. प्लॅस्टिकसारखी. आणखी थांबले. एखादं पोर दात आवळून पडलंय, आणि त्याची आई त्याच्या तोंडाकडे बघत अशीच बसलीय, असं डोळ्यांपुढे आलं आणि मग काही केल्या जाईना.

विरघळत नाही. तिने केलेली आहे, तिच्या हातची आहे, आणि विरघळत नाही.

शेवटी चावून गिळली. थुंकवेना.

तिथूनच सरांना गाठलं. त्यांच्या खोलीत दोन माणसं बसलेली, त्यांच्यादेखत म्हटलं, खरं ते लिहा. मोठ्या मासिकालाच पाठवा. परत आलं तर येऊ दे.

सर म्हणाले, "तिनेही हेच सांगितलं असतं."

मी म्हटलं, तिने काय सांगितलं असतं ते सोडा. ती ऐनवेळी जिन्यात जाऊन बसली. मी सांगतेय.

बाहेर आले आणि मग रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मोठ्याने. चष्मेवालीने कापडाचा तुकडा पुढे केला. माझाच. धुऊन इस्त्री केलेला.

४ ऑक्टोबर

पेपर बदलून पाठवला. ह्या वेळी मी बटण दाबलं नाही. चष्मेवालीने दाबलं. सगळी तपासणी तिने केली, लिहिलंही तिने. मी सरांना म्हटलं, तिचं नाव पहिलं करायचं तर करा, मी तोंड उघडणार नाही. चष्मेवालीच नाही म्हणाली. "मी फक्त पाकीट उघडलं, ताई."

१९ ऑक्टोबर

हे आज विचारत होते, काही आलं का. नाही म्हटलं. मग म्हणाले, "फोन चार्ज करणं बंद करू का?"

मी म्हटलं, तुमची मर्जी. थोड्या वेळाने कपाट उघडल्याचा आवाज आला. नंतर बंद केल्याचा. काय केलं ते बघितलं नाही.

८ नोव्हेंबर

घेतला! मोठ्या मासिकाने घेतला. तो दुसरा तपासणारा, बोट ठेवणारा, त्याने लिहिलंय की पट्टी कुठे कमी पडते हे कोणी इतकं सरळ सांगत नाही, आणि पुढच्या माणसाला हे माहीत असणं गरजेचं आहे. सरांचा आवाज चढला होता. मला म्हणाले, "ताई, अभिनंदन."

कोणाचं? फोन ठेवला आणि कोणाला तरी सांगावं म्हणून वळले. मशीनखाली बघितलं. खरंच वाकून बघितलं.

९ नोव्हेंबर

डोळे सुजलेत. गिऱ्हाईकांना सांगितलं कांदा.

२८ नोव्हेंबर

छापण्याआधी एक नमुना पाठवतात, नजर टाकायला. चष्मेवाली तो घेऊन आली. पहिलं पान माझ्यापुढे ठेवलं आणि बोट ठेवलं. बारकीचं नाव, नुसतं. छापणाऱ्यांकडून खूण सुटली होती. तळाची ओळही.

"सरांच्या अजून लक्षात आलं नाही," ती हळूच म्हणाली. "मी नाही सांगणार, ताई. राहू दे?"

मी नावावरून हात फिरवला. किती छान दिसत होतं.

म्हटलं, घाल. बारकी मेली.